सिंगल बोर्ड कम्प्युटरसाठी हलकी लिनक्स डिस्ट्रो: निवड आणि चाचणी, पायरीपायरीने

रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू, ऑरेंज पाय झीरो ३ किंवा ड्रॉवरमध्ये पडून राहिलेला पाय ३, असा एखादा छोटा एका पाटीवरचा कम्प्युटर हातात आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: सगळ्यात हलकी डिस्ट्रो (लिनक्सची तयार बांधलेली आवृत्ती) कोणती? उत्तरंही ठरलेली. कुणी डाएटपाय सांगतं, कुणी अल्पाइन, आणि पुरावा म्हणून बूट झाल्या झाल्या किती रॅम लागली याचा स्क्रीनशॉट देतं. पण हा बोर्ड वर्षभर कुठल्यातरी कोपऱ्यात, स्क्रीन आणि कीबोर्डशिवाय, दिवसरात्र चालायचा असतो. लाईट जाते-येते, वायफाय तुटतं, कार्डावर सतत काहीतरी लिहिलं जात असतं. त्यामुळे डिस्ट्रो निवडताना रिकाम्या रॅमचा आकडा मी चौथ्या क्रमांकावर ठेवतो. त्याच्या आधी तीन प्रश्न येतात. या बोर्डाचा कर्नल (हार्डवेअर चालवणारा लिनक्सचा गाभा) कोण सांभाळतं? मला हवं ते सॉफ्टवेअर तयार पॅकेजमध्ये मिळतं का? आणि मेमरी कार्डावर रोज किती लिहिलं जातं?

तुलनेसाठी चार डिस्ट्रो घेतल्या आहेत: रास्पबेरी पाय ओएस लाइट, डाएटपाय, आर्मबियन आणि अल्पाइन. उदाहरण म्हणून एकच काम सगळीकडे धरलं आहे: पाण्याच्या टाकीची पातळी मोजणारे सेन्सर, त्यांचे निरोप गोळा करून पुढे पोचवणारा मॉस्किटो हा प्रोग्रॅम (ब्रोकर) आणि ते ब्राउझरमध्ये दाखवणारं नोड-रेड. तुमचं काम वेगळं असेल तर ते त्या जागी ठेवा, पायऱ्या त्याच राहतील. कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत; टर्मिनलवर अर्थातच रोमन लिपीत टाइप करायच्या.

पायरी १: बोर्ड नेमका कोणता ते ओळखा

बोर्डावर सध्या कुठलीही लिनक्स चालू असेल तर ‘कॅट /प्रॉक/डिव्हाइस-ट्री/मॉडेल’ ही कमांड द्या. बोर्डाचं पूर्ण नाव येतं. मग ‘यूनेम -एम’ द्या. उत्तर बहुधा तीनपैकी एक असेल: आर्मव्ही६एल, आर्मव्ही७एल किंवा एआर्च६४.

आर्मव्ही६एल आलं तर निम्मी निवड तिथेच संपते. २०१२ चा पहिला पाय, २०१५ चा पाय झीरो आणि २०१७ चा झीरो डब्ल्यू हे तिन्ही आर्म११ जातीच्या प्रोसेसरवर चालतात. डेबियनच्या आर्मएचएफ आवृत्तीला किमान आर्मव्ही७ लागतो, म्हणून मूळ डेबियन यांच्यावर चालत नाही. याच अडचणीतून २०१२ मध्ये रास्पबियन जन्माला आलं आणि आजची ३२-बिट रास्पबेरी पाय ओएस त्याच वाटेने आली. आर्च लिनक्स आर्मने २०२२ मध्ये आर्मव्ही६चा आधार बंद केला. अशा बोर्डासाठी आता ३२-बिट रास्पबेरी पाय ओएस, डाएटपायची आर्मव्ही६ इमेज (कार्डावर लिहायची तयार फाइल), अल्पाइनची आर्मएचएफ आवृत्ती (नाव डेबियनसारखंच, पण ही आर्मव्ही६साठी बांधलेली) आणि टायनी कोअरची पायकोअर, एवढेच खात्रीचे पर्याय उरतात. नावात सारखेपणा असल्याने झीरो डब्ल्यू आणि झीरो २ डब्ल्यू यांची गल्लत होते. दुसरा २०२१ चा आहे आणि त्यात चार कोअरचा ६४-बिट कॉर्टेक्स-ए५३ आहे. दोघांत रॅम मात्र सारखीच, ५१२ एमबी.

‘यूनेम’च्या उत्तराबाबत एक सावधगिरी. ते फक्त कर्नलचं सांगतं. रास्पबेरी पाय ओएसची ३२-बिट आवृत्ती पाय ४ वर ६४-बिट कर्नल लावते, त्यामुळे ‘यूनेम’ एआर्च६४ म्हणतं आणि बाकीची सगळी पॅकेजेस मात्र ३२-बिटची असतात. मग एखादं ६४-बिट सॉफ्टवेअर उतरवून घेतलं की ते चालत नाही आणि माणूस चक्रावतो. खरं उत्तर ‘गेटकॉन्फ लाँग_बिट’ देतं: ३२ किंवा ६४.

पायरी २: कर्नल कोण सांभाळतं ते बघा

साध्या पीसीवर कुठल्याही लिनक्सची एकच इमेज चालते, कारण मशीनमध्ये काय काय जोडलेलं आहे हे बायॉस किंवा यूईएफआय कर्नलला सांगतं. बहुतेक आर्म बोर्डांवर हे सांगणारं कुणी नसतं. कुठल्या पत्त्यावर कुठलं उपकरण आहे याची यादी डिव्हाइस ट्री नावाच्या फाइलमध्ये द्यावी लागते, आणि ती प्रत्येक बोर्डासाठी वेगळी असते. म्हणून ऑरेंज पायची इमेज बनाना पायवर चालत नाही, प्रोसेसर एकाच कंपनीचा असला तरीही.

रास्पबेरी पायच्या बाबतीत ही काळजी नाही. कंपनी स्वतःचा कर्नल ठेवते, जुन्या बोर्डांपर्यंत अपडेट पोचवते, आणि चारही डिस्ट्रो तो कर्नल किंवा त्यावरून बांधलेला कर्नल वापरतात. इतर बोर्डांवर कंपनीने दिलेली इमेज आणि आर्मबियन यांतून निवड करावी लागते. कंपनीच्या इमेजमध्ये बहुधा चिप बनवणाऱ्याने दिलेला जुना कर्नल असतो. व्हिडिओ डीकोडिंग, एनपीयू (एआयच्या कामाचा प्रोसेसर) अशा गोष्टी त्यावर चालतात आणि मुख्य प्रवाहातल्या कर्नलवर अनेकदा चालत नाहीत, हा त्याचा फायदा. तोटा असा की इमेज एकदा प्रसिद्ध झाली की पुढे तिच्याकडे कुणी वळून पाहीलच असं नाही. चोवीस तास नेटवर्कवर असणाऱ्या बोर्डासाठी मला हे चालत नाही.

आर्मबियनच्या संकेतस्थळावर आपल्या बोर्डाचं पान उघडलं की तो बोर्ड त्यांच्या नियमित देखभालीत आहे की समुदायाच्या भरवशावर, हे लिहिलेलं असतं. बोर्ड विकत घेण्याआधी हे पान वाचा. चार-पाचशे रुपये वाचवून घेतलेला बोर्ड समुदायाच्या यादीत असेल, तर ते पैसे पुढे वेळेच्या रूपाने जातात. त्याच पानावर कर्नलचे पर्यायही असतात. व्हेंडर किंवा लेगसी म्हणजे चिप कंपनीचा, करंट म्हणजे मुख्य प्रवाहातला स्थिर, एज म्हणजे अगदी नवा. टाकीच्या सेन्सरसारख्या कामाला करंट.

पायरी ३: ३२-बिट की ६४-बिट, ग्लिबसी की मसल

६४-बिट प्रोग्रॅममध्ये प्रत्येक पॉइंटर दुप्पट जागा घेतो, त्यामुळे ५१२ एमबीच्या बोर्डावर ३२-बिट प्रणाली थोडी मोकळी वाटते. एक जीबी किंवा त्याहून जास्त रॅम असेल तर सरळ ६४-बिट घ्या, कारण सॉफ्टवेअर बनवणारे ३२-बिटमधून हळूहळू बाहेर पडत आहेत. होम असिस्टंटने २०२५ मध्ये ३२-बिटचा आधार थांबवत असल्याचं जाहीर केलं. उलट ६४-बिट घेतलं म्हणजे सगळं चालेल असंही नाही. मोंगोडीबीच्या पाचव्या आवृत्तीपासून पुढे किमान आर्मव्ही८.२ लागतो, आणि पाय ४ चा कॉर्टेक्स-ए७२ त्यात बसत नाही. बोर्ड ६४-बिट, ओएस ६४-बिट, तरी प्रोग्रॅम सुरूच होत नाही.

दुसरी गोष्ट सी लायब्ररीची, म्हणजे जवळपास प्रत्येक प्रोग्रॅम जिच्यावर उभा असतो त्या मूळ लायब्ररीची. रास्पबेरी पाय ओएस, डाएटपाय, आर्मबियन या तिन्हींचा पाया डेबियन (आर्मबियनला उबुंटूचाही पर्याय आहे), म्हणजे ग्लिबसी. अल्पाइन मसल वापरते. पॅकेज अल्पाइनच्या भांडारात असेल तर फरक जाणवतही नाही. मॉस्किटो तिथे आहे, नोड.जेएस आहे. अडचण येते ती कंपनीने तयार करून दिलेल्या बायनरी फाइलची, जी ग्लिबसी गृहीत धरून बांधलेली असते, आणि पायथनच्या लायब्ररींची. रास्पबेरी पाय ओएसच्या ३२-बिट आवृत्तीसाठी पायव्हील्स नावाच्या सेवेवर पायथनची असंख्य पॅकेजेस तयार मिळतात. ६४-बिटवर मोठ्या लायब्ररी मूळ भांडारातूनच तयार येतात. ३२-बिट अल्पाइनवर अशी तयार पॅकेजेस फार कमी. मग पायथनची पॅकेजेस बसवणारं पिप ती बोर्डावरच कम्पाइल करायला घेतं, आणि ५१२ एमबीत तो कम्पायलर तासन्‌तास घरघर करून शेवटी रॅमअभावी मरतो. म्हणून इमेज उतरवण्याआधी लागणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरचं नाव कागदावर लिहा आणि अल्पाइनच्या पॅकेज शोधपानावर एकेक तपासा. पंधरा मिनिटांचं काम आहे, आणि निवडीतला सगळ्यात मोठा निर्णय इथेच होतो.

कॅमेरा लावणार असाल तर हे सगळं बाजूला ठेवा आणि रास्पबेरी पाय ओएस घ्या. पायचा कॅमेरा लिबकॅमेराच्या त्यांच्या स्वतःच्या शाखेवर सगळ्यात नीट चालतो.

पायरी ४: चारही डिस्ट्रो कशा बसवायच्या आणि कुठे अडतात

*रास्पबेरी पाय ओएस लाइट.* रास्पबेरी पाय इमेजर उघडा, बोर्ड निवडा, लाइट आवृत्ती निवडा आणि कार्डावर लिहिण्याआधी सेटिंगमध्ये होस्टनेम, यूजर, पासवर्ड, वायफाय आणि एसएसएच (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करण्याची सोय) भरून घ्या. एप्रिल २०२२ पासून ‘पाय’ हा ठरलेला यूजर काढून टाकला आहे, त्यामुळे हे न भरता कार्ड बनवलं तर स्क्रीनशिवाय आत शिरताच येत नाही. वायफायचा देश भारत निवडा. देश न निवडल्यास वायफाय बंदच राहतं.

लाइट आहे तशी हलकी नाही, पण करता येते. ‘सिस्टिमडी-अॅनलाइझ ब्लेम’ दिलं की बूट होताना कोण किती वेळ खातं ते दिसतं. मोबाइल डोंगल नसेल तर मोडेममॅनेजर बंद करा. ब्लूटूथ लागत नसेल तर तेही. अवाही मात्र विचार करून बंद करा, कारण ‘टाकी.लोकल’ अशा नावाने बोर्ड सापडतो तो त्याच्यामुळेच. लॉग साठवणाऱ्या जर्नलडीच्या सेटिंगमध्ये ‘स्टोरेज’ला ‘व्होलाटाइल’ केलं की लॉग रॅममध्ये राहतात आणि कार्डावरचं लिखाण लगेच कमी होतं. ‘स्वॅपऑन --शो’ देऊन स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची जागा) कुठे आहे तेही बघा. जुन्या आवृत्त्यांत ते कार्डावरच्या फाइलमध्ये असायचं. तसं असेल तर ते काढून झेडरॅम लावा. झेडरॅम म्हणजे रॅमचाच एक भाग दाबून, कॉम्प्रेस करून स्वॅप म्हणून वापरणं. थोडा प्रोसेसर खर्च होतो, कार्ड वाचतं.

एवढं केल्यावर लाइट आणि डाएटपाय यांतला रॅमचा फरक सहसा शंभर एमबीच्या आत येतो. एक-दोन जीबीच्या पायवर त्याला काडीचंही महत्त्व नाही.

*डाएटपाय.* वर जी काटछाट आपण हाताने केली ती इथे तयार मिळते. कार्ड लिहून झालं की त्यावरच्या छोट्या फॅट पार्टिशनमध्ये ‘डाएटपाय.टीएक्सटी’ आणि ‘डाएटपाय-वायफाय.टीएक्सटी’ या दोन फाइल असतात. पहिलीत वेळक्षेत्र आणि वायफाय सुरू करण्याचा पर्याय, दुसरीत नेटवर्कचं नाव आणि पासवर्ड. त्या लॅपटॉपवरच भरा. पहिल्या बूटला इंटरनेट हवंच, कारण तो आधी स्वतःला अपडेट करतो. त्यानंतर ‘डाएटपाय-सॉफ्टवेअर’मधून मॉस्किटो आणि नोड-रेडवर खूण केली की दोन्ही बसतात आणि सर्व्हिस म्हणून सुरूही होतात. ज्याला लिनक्सची फार सवय नाही पण घरात एक सर्व्हर हवा आहे, त्याला मी न अडखळता डाएटपाय सांगतो.

दोन ठिकाणी लोक अडकतात. पहिलं: एसएसएचसाठी इथे ओपनएसएसएचऐवजी ड्रॉपबेअर असतं आणि ड्रॉपबेअरला स्वतःचा एसएफटीपी (फाइल पाठवण्याची पद्धत) सर्व्हर नाही. एप्रिल २०२२ च्या ओपनएसएसएच ९.० पासून ‘एससीपी’ कमांडही आतून एसएफटीपीच वापरते. त्यामुळे लॉगिन नीट होतं आणि फाइल पाठवायला गेलं की मात्र नकार येतो. बोर्डावरही ‘एससीपी’ असेल तर या कमांडला मोठं ‘ओ’ हा पर्याय दिला की जुन्या पद्धतीने फाइल जाते. नेहमीचंच काम असेल तर डाएटपाय-सॉफ्टवेअरमधून ओपनएसएसएच बसवा.

दुसरं लॉगचं. डाएटपाय रॅमलॉग वापरतो, म्हणजे ‘/व्हार/लॉग’ रॅममध्ये असतं आणि दर तासाला रिकामं केलं जातं. कार्डाच्या दृष्टीने उत्तम. पण रात्री तीन वाजता बोर्ड गोठला, तर सकाळी कारण शोधायला हाती काहीच नसतं. नवीन बोर्ड लावल्यावर पहिले काही आठवडे लॉग कार्डावर उतरवण्याचा पर्याय निवडावा आणि सगळं स्थिर झालं की रॅमलॉगवर परत यावं.

*आर्मबियन.* मिनिमल इमेज घ्या आणि कार्डावर लिहा. ‘रूट’ या नावाने आणि १२३४ या पासवर्डने आत शिरा. तो लगेच नवा पासवर्ड, नवा यूजर, वेळक्षेत्र विचारतो. हे पहिलं लॉगिन होईपर्यंत बोर्ड सगळ्यांना ठाऊक असलेल्या पासवर्डवर उघडा असतो, म्हणून ते घरातल्या नेटवर्कवरच उरका. झेडरॅम स्वॅप आणि रॅममधले लॉग इथे आधीपासून लावलेले असतात. ‘आर्मबियन-कॉन्फिग’मधून ओव्हरले सुरू करता येतात, म्हणजे एसपीआय, आय-टू-सी अशा पिना जिवंत करता येतात. ऑरेंज पाय, नॅनोपाय, बनाना पाय, रॉक यांच्यासाठी माझी पहिली पसंती हीच. रास्पबेरी पायवरही चालते, पण तिथे तिची गरज नाही.

कर्नल अपडेट करताना मात्र जपून. बोर्ड लांब बसवलेला असेल तर आर्मबियन-कॉन्फिगमधून कर्नलचं अपडेट गोठवा, बाकी पॅकेजेस अपडेट होऊ द्या, आणि कर्नल तेव्हाच बदला जेव्हा बोर्ड हाताशी असेल.

*अल्पाइन.* हिच्याकडे जरा सावकाश बघू, कारण तिचं हलकेपण बाकी तिघींपेक्षा वेगळ्या जातीचं आहे. मसल, बिझीबॉक्स आणि ओपनआरसी यांमुळे ती लहान आहे हे खरंच, पण पायवर तिचा खरा उपयोग डिस्कलेस पद्धतीत आहे. बूट होताना सगळी प्रणाली कार्डावरून रॅममध्ये उतरते, आणि त्यानंतर कार्ड फक्त वाचण्यापुरतं जोडलेलं राहतं. लाईट कितीही वेळा गेली तरी अर्धवट लिहिलेली फाइल मागे राहत नाही, कारण त्या क्षणी कार्डावर काही लिहिलंच जात नसतं.

बसवण्याचा क्रम असा. पायसाठीची आवृत्ती उतरवून कार्डावर ठेवा, पहिल्या वेळी स्क्रीन आणि कीबोर्ड जोडा. ‘रूट’ने पासवर्डशिवाय लॉगिन होतं. ‘सेटअप-अल्पाइन’ चालवा, ते नेटवर्क, वेळ, पासवर्ड विचारतं आणि शेवटी सेटिंग कुठे साठवायची आणि पॅकेजची कॅश कुठे ठेवायची ते विचारतं. दोन्हीला कार्डच सांगा. कॅशचा प्रश्न अनेकजण रिकामा सोडतात. डिस्कलेस पद्धतीत प्रत्येक बूटला पॅकेजेस नव्याने बसतात, ती त्या कॅशमधून. कॅश नसेल आणि लाईट आल्यावर राउटर बोर्डाच्या मागून सुरू झाला, तर मॉस्किटो बसणारच नाही.

मग ‘एपीके अॅड मॉस्किटो’, ‘आरसी-अपडेट अॅड मॉस्किटो’, आणि सगळं मनासारखं झालं की ‘एलबीयू कमिट’. ही शेवटची कमांड दिल्याशिवाय केलेला कुठलाच बदल रीबूटनंतर उरत नाही. ‘एलबीयू’ आपणहून मुख्यतः ‘/ईटीसी’ साठवतं. मॉस्किटोचा साठा ‘/व्हार/लिब’मध्ये असतो, नोड-रेडचे फ्लो यूजरच्या घरात असतात, ते ‘एलबीयू इन्क्लूड’ने जोडावे लागतात. सतत बदलणारा डेटा असेल तर त्याला वेगळं पार्टिशन किंवा पेनड्राइव्ह द्या. घड्याळाचंही बघा: पाय ५ सोडला तर रास्पबेरी पायमध्ये घड्याळाची चिप नाही, म्हणून ‘एचडब्ल्यूक्लॉक’ सर्व्हिस काढून ‘एसडब्ल्यूक्लॉक’ लावा. नाहीतर बूट झाल्यावर वेळ कुठल्यातरी जुन्या वर्षाची निघते आणि एचटीटीपीएसची प्रमाणपत्रं नाकारली जातात.

वर्षातून दोनदा, साधारण मे आणि नोव्हेंबरला, अल्पाइनची नवी आवृत्ती येते आणि प्रत्येक आवृत्तीला सुमारे दोन वर्षं अपडेट मिळतात. डेबियनपेक्षा हा काळ कमी आहे. बोर्ड बसवून विसरून जाणाऱ्याने हे लक्षात घ्यावं.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. उबुंटू सर्व्हर पायवर चालते, पण स्नॅप आणि क्लाउड-इनिटचं ओझं ५१२ एमबीला पेलत नाही. ओपनडब्ल्यूआरटी राउटरच्या कामाला उत्तम, त्यापलीकडे नेऊ नये. पायकोअर अल्पाइनसारखीच रॅममध्ये चालते आणि तिच्याहून लहान आहे, पण पॅकेजेस फारच कमी. टीव्हीला जोडून कोडी चालवायचं असेल तर लिब्रेईएलईसी घ्या आणि हा लेख इथेच सोडा.

पायरी ५: आपल्या बोर्डावर स्वतः मोजा

मोजण्याआधी दोन गोष्टी पक्क्या करा. कार्ड नकली नाही हे एफ३ या साधनाने तपासा. ६४ जीबी म्हणून विकलेलं कार्ड आत ८ जीबीचं निघू शकतं, आणि मग डिस्ट्रोला दोष देत बसायला होतं. कार्डावर ए१ किंवा ए२ ही खूण असलेली बरी. ए१ म्हणजे सेकंदाला किमान १५०० वाचन आणि ५०० लेखन व्यवहारांची हमी. ओएससाठी हाच आकडा महत्त्वाचा. कार्डावर मोठ्या अक्षरात छापलेला एमबी प्रतिसेकंदाचा वेग कॅमेऱ्याच्या कामाचा.

दुसरं, वीजपुरवठा. पायवर ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ द्या. उत्तर ०एक्स० हवं. ०एक्स५०००० आलं म्हणजे आधी कधीतरी व्होल्टेज पडून वेग कमी केला गेला, ०एक्स५०००५ म्हणजे आत्ता या क्षणीही तेच चाललं आहे. पाय ४ पर्यंतच्या बोर्डांत सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली हा इशारा येतो. मोबाइलच्या जुन्या चार्जरवर केलेली तुलना रद्द समजा. बारीक केबलसुद्धा व्होल्टेज पाडते.

आता प्रत्येक डिस्ट्रो त्याच एका कार्डावर, त्याच बोर्डावर, त्याच सर्व्हिससह बसवा आणि चार आकडे वहीत लिहा.

रॅमसाठी ‘/प्रॉक/मेमइन्फो’मधली ‘मेमअव्हेलेबल’ ही ओळ घ्या. ‘मेमफ्री’ घेऊ नका, कारण रिकामी रॅम कर्नल फाइलींच्या कॅशसाठी वापरतो आणि लागेल तेव्हा परत देतो. आकडा बूटनंतर लगेच घेऊ नका. मॉस्किटो आणि नोड-रेड चालू असताना, सेन्सरचे निरोप येत असताना, दुसऱ्या दिवशी घ्या. इथे बहुतेकांना धक्का बसतो, कारण नोड-रेड एकटंच डिस्ट्रोडिस्ट्रोमधल्या फरकापेक्षा जास्त रॅम घेताना दिसतं.

कार्डावरच्या लिखाणासाठी ‘कॅट /सिस/ब्लॉक/एमएमसीबीएलके०/स्टॅट’ द्या. आकड्यांची एक ओळ येते. त्यातला सातवा आकडा म्हणजे बूटपासून लिहिलेले सेक्टर, प्रत्येकी ५१२ बाइटचे. आज लिहून ठेवा, उद्या त्याच वेळी परत बघा. समजा आकडा २०,००,००० ने वाढला, तर ५१२ने गुणून सुमारे १.०२ जीबी होतात. टाकीची पातळी मोजणाऱ्या बोर्डाला दिवसाला एक जीबी लिहायचं काहीच कारण नाही; कुणीतरी लॉग किंवा स्वॅप कार्डावर टाकतंय. ही एक ओळ चारही डिस्ट्रोंवर सारखीच असते, वेगळं साधन बसवावं लागत नाही, म्हणून मला ती सगळ्यात प्रामाणिक वाटते.

बूटच्या वेळेसाठी ‘सिस्टिमडी-अॅनलाइझ’ अल्पाइनवर नाहीच. मोबाइलचं स्टॉपवॉच घ्या. बोर्डाचा स्विच चालू केल्यापासून नोड-रेडचं पान ब्राउझरमध्ये उघडेपर्यंतचा वेळ मोजा, कारण तुम्हाला तेच हवं आहे. डिस्कलेस अल्पाइन इथे कधीकधी मागे पडते. पॅकेजेस रॅममध्ये बसवण्यात तिचा वेळ जातो.

चौथा आकडा तापमानाचा. ‘/सिस/क्लास/थर्मल/थर्मल_झोन०/टेम्प’ वाचा आणि हजाराने भागा. पाय साधारण ८० अंशांपासून वेग कमी करू लागतो. विदर्भात मे महिन्यात पत्र्याखाली बसवलेल्या बोर्डाला हे दुपारी दोन वाजता तपासायला हवं, रात्री नाही.

पायरी ६: लाईट घालवून बघा

आकडे चांगले आले तरी ही चाचणी चुकवू नका. सेन्सरचे निरोप येत असताना बोर्डाची वीज सरळ काढा. थोड्या वेळाने लावा. सर्व्हिस आपोआप उठली का, वेळ बरोबर आहे का, डेटा शाबूत आहे का, बघा. मग राउटर बंद ठेवून तेच करा. आणि एकदा दोन्ही एकदम सुरू करा, कारण घरात लाईट आल्यावर नेमकं तेच होतं, आणि राउटर सहसा बोर्डानंतरच तयार होतो. पुन्हापुन्हा करा, कार्ड खराब होणं ही कधीतरी घडणारी गोष्ट आहे, एका वेळेत दिसत नाही.

रास्पबेरी पाय ओएसवर ‘रास्पी-कॉन्फिग’मध्ये ओव्हरले फाइल सिस्टिमचा पर्याय आहे. तो सुरू केला की मूळ पार्टिशन फक्त वाचण्यापुरतं राहतं आणि सगळे बदल रॅममध्ये जातात. म्हणजे अल्पाइनचा मुख्य गुण ग्लिबसी न सोडता मिळतो. अपडेट करायचं तेव्हा ओव्हरले बंद करा, रीबूट, अपडेट, परत चालू, परत रीबूट. कंटाळवाणं आहे, पण लाईट वारंवार जाणाऱ्या गावात मी पायवर याच मांडणीला सगळ्यात वरचं स्थान देईन.

स्क्रीनवर मराठी दाखवायचं असेल तर

शाळेचा सूचनाफलक, ग्रामपंचायतीतला डिस्प्ले, ई-पेपरवर पंचांग अशा कामांत डिस्ट्रोचा वेगळा कस लागतो. लिनक्सच्या साध्या काळ्या कन्सोलवर देवनागरी जोडाक्षरं उमटत नाहीत, कुठल्याही डिस्ट्रोत. ग्राफिक लागतंच. लाइट, मिनिमल वगैरे इमेजमध्ये देवनागरी फॉन्ट नसतो. डेबियन कुळात ‘फॉन्ट्स-नोटो-कोअर’ किंवा ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’, अल्पाइनवर ‘फॉन्ट-नोटो-देवनागरी’ बसवा.

५१२ एमबीवर क्रोमियम उघडून फलक दाखवण्याच्या फंदात पडू नका. पायथनच्या पिलोने चित्र तयार करा आणि तेच पडद्यावर टाका. मात्र पिलोला अक्षरं जोडण्यासाठी लिबरक्म लागतं. ते नसेल तर ‘विद्यार्थी’ लिहायला सांगितल्यावर पहिली वेलांटी ‘व’च्या पुढे जाऊन बसते, ‘द’चा पाय मोडका दिसतो आणि रफार वर चढतच नाही. डेबियनच्या ‘पायथन३-पिल’ पॅकेजमध्ये ही सोय आहे. पिपने पिलो बसवलं असेल, किंवा डिस्ट्रो दुसरी असेल, तर पिलोच्या ‘फीचर्स.चेक’ला ‘रक्म’ विचारून ‘ट्रू’ असं उत्तर येतं का ते आधी बघा.

मग कोणती घ्यायची

पाय ३, ४, ५ किंवा झीरो २ डब्ल्यू असेल, पिना किंवा कॅमेरा वापरायचा असेल: रास्पबेरी पाय ओएस लाइट, वर सांगितलेली काटछाट करून. त्याच बोर्डांवर फक्त एक-दोन ठरलेल्या सर्व्हिस हव्या असतील: डाएटपाय. दुसऱ्या कंपनीचा बोर्ड: आर्मबियन, आणि तिच्या यादीत नसेल तर तो बोर्ड घेऊच नका. जुना झीरो किंवा पहिला पाय, काम छोटं, सगळी पॅकेजेस अल्पाइनच्या भांडारात सापडली, आणि वीज बेभरवशाची: अल्पाइन डिस्कलेस. मॉस्किटो तिथे कित्येक महिने निवांत चालतो. नोड-रेड मात्र पहिल्या झीरोवर लादू नका. ते घरातल्या दुसऱ्या मशीनवर ठेवा आणि झीरोकडे फक्त ब्रोकर.

निवड झाली, चाचणी पार पडली की बोर्ड जागेवर बसवण्याआधी कार्डाची पूर्ण प्रत काढा. लॅपटॉपवर ‘डीडी’ने इमेज घ्या, डेबियन कुळातली असेल तर पायश्रिंकने ती आटोपशीर करा. मग ती प्रत दुसऱ्या कार्डावर लिहून त्या कार्डावरून बोर्ड प्रत्यक्ष बूट करून पाहा. ते दुसरं कार्ड पाकिटात घालून, वर डिस्ट्रोचं नाव, आवृत्ती आणि तारीख लिहून, बोर्डाच्या डबीतच चिकटवून ठेवा. बोर्ड बंद पडेल तेव्हा तुम्ही गावात नसाल, तर घरातलं कुणीही ते कार्ड बदलू शकेल.